भ्रमणध्वनीची न्यायसहायक तपासणी

गुन्ह्याच्या तपासात हाती आलेला भ्रमणध्वनी-संच, त्यातील सिम कार्ड आणि सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या नोंदी ह्यांतील माहिती न्यायालयापुढे पुरावा म्हणून ठेवता येईल अशा रीतीने मिळविणे, ती जतन करणे व तिचा अर्थ लावणे, ह्या कार्यास भ्रमणध्वनीची न्यायसहायक तपासणी असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकांच्या तपासणीची एक उपशाखा म्हणून तिचा आरंभ झाला. तिचा इतिहास हा बव्हंशी एका विसंगतीचा इतिहास आहे. पुराव्याच्या कायद्याला स्थिर वस्तू अभिप्रेत असते : कोयता, रक्ताने माखलेला सदरा, सही केलेला कागद. अशी वस्तू पंचांसमक्ष जप्त करून तीवर लाखेची मोहोर केली, की न्यायालयात मोहोर फोडीपर्यंत ती जशीच्या तशी राहते, असे गृहीत धरलेले असते. भ्रमणध्वनी तसा राहत नाही. चालू ठेवला तर तो क्षणोक्षणी बदलतो, बंद केला तर पुन्हा उघडेलच असे नाही, आणि तपासणीसाठी हात लावला तर त्या स्पर्शानेही त्यातील काही ना काही बदलते. शिवाय त्यात एका गुन्ह्यापुरतीच माहिती कधी नसते. मालकाच्या खाजगी आयुष्याचा मोठा भाग त्यात साठविलेला असतो. तंत्रज्ञ आणि न्यायाधीश अशा दोघांचीही गेल्या तीन दशकांतील धडपड ह्या चंचल वस्तूला मुद्देमालाचे स्थैर्य देण्याची आहे.

पूर्वपीठिका : नवी साधने न्यायालयात स्वीकारली जाण्यास भारतात प्रायः एक पिढी लागते, असे नाही. १८९७ मध्ये कलकत्त्यास अंगुलिमुद्रा केंद्र स्थापन झाले आणि लवकरच बोटांचे ठसे खटल्यांतून दिसू लागले. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीतही १८७२ च्या पुरावा अधिनियमात कोणताही बदल न करता न्यायालयांनी मार्ग काढला. ह्या संदर्भात मुंबईत उद्भवलेला आर. एम. मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला महत्त्वाचा आहे. मुंबईच्या मृत्युसमीक्षकाने म्हणजे कॉरोनरने एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप होता, आणि दूरध्वनीवरील संभाषण पोलिसांनी ध्वनिमुद्रण यंत्र जोडून टिपून घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर १९७२ रोजी हा पुरावा ग्राह्य ठरविला. पुरावा कसा मिळविला ह्यापेक्षा तो प्रस्तुत व अस्सल आहे काय, हे पाहावे, असा ह्या निर्णयाचा रोख होता. पुढे १९८५ मध्ये रामसिंग विरुद्ध कर्नल रामसिंग ह्या प्रकरणात न्यायालयाने ध्वनिफितीसाठी कसोट्या घालून दिल्या. आवाज ओळखला गेला पाहिजे, फेरफाराची शक्यता नाहीशी झाली पाहिजे आणि फीत मोहोरबंद वा अधिकृत ताब्यात राहिली पाहिजे, ह्या त्यांपैकी प्रमुख होत. फितीसाठी त्या पुरेशा होत्या, कारण फीत कपाटात ठेवली म्हणजे स्वस्थ राहते.

भारतात भ्रमणध्वनीवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू ह्यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम ह्यांच्याशी संपर्क साधला. त्या काळच्या संचात तपासण्याजोगे फार थोडे असे. नावे व क्रमांक, अलीकडे केलेल्या आणि आलेल्या कॉलची छोटी यादी आणि काही लघुसंदेश एवढीच सामग्री असे, आणि तीही पुष्कळदा सिम कार्डावर. सिम कार्डात प्रत्येक संदेशासाठी १७६ बाइटींची जागा ठेवलेली असते आणि तीतील पहिली बाइट त्या जागेची स्थिती दर्शविते. वापरणाऱ्याने संदेश पुसला, की अनेक संच केवळ ही पहिली बाइट शून्य करीत. उरलेला मजकूर तसाच राही. पुसलेला संदेश परत मिळविणे हे तपासणीचे पहिले लक्षणीय यश ह्या साध्या आळसातून आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

कॉलच्या नोंदी : संचापेक्षा आधी महत्त्व आले ते कंपनीच्या नोंदींना. कोणत्या क्रमांकावरून कोणत्या क्रमांकास, केव्हा, किती सेकंद आणि कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेतून कॉल झाला, हे ज्या तक्त्यात असते त्यास पोलिसांच्या बोलण्यात सीडीआर असे म्हणतात. मुळात ही नोंद देयक आकारण्यासाठी केली जाते, तपासासाठी नव्हे, ही गोष्ट तिचा अर्थ लावताना नेहमी लक्षात ठेवावी लागते. त्या तक्त्यात संचाचा आयएमईआय हा १५ अंकी क्रमांकही येतो, त्यामुळे सिम कार्ड बदलले तरी संच ओळखता येतो.

१३ डिसेंबर २००१ रोजी संसद भवनावर झालेल्या हल्ल्याच्या खटल्यात ह्या सर्व गोष्टींची प्रथमच सर्वोच्च पातळीवर छाननी झाली. ठार झालेल्या हल्लेखोरांजवळ भ्रमणध्वनी-संच सापडले, तसेच त्यांच्याजवळच्या बनावट ओळखपत्रांच्या मागील बाजूस एक क्रमांक लिहिलेला होता. तेथून कॉलच्या नोंदींच्या आधारे तपास पुढे गेला. बचाव पक्षाने घेतलेल्या हरकती आजही वाचण्यासारख्या आहेत. संचावरील आयएमईआय आणि कंपनीच्या नोंदीतील आयएमईआय ह्यांचा शेवटचा अंक जुळत नव्हता. ह्याचे तांत्रिक कारण असे, की पंधरावा अंक हा पडताळणीचा अंक असून जाळ्यावरून पाठविला जात नाही. नोंदीत त्या जागी प्रायः शून्य येते. पहिले चौदा अंकच ओळखीचे असतात. न्यायालयाने साक्षीदाराचे स्पष्टीकरण स्वीकारले. जप्त केलेल्या लॅपटॉपमध्ये जप्तीनंतरच्या तारखा असलेल्या काही फाइली आढळल्या, तेव्हा त्या प्रणालीने आपोआप निर्माण केल्या असल्याचे तज्ज्ञाने सांगितले व तेही मान्य झाले. स्पष्टीकरण बरोबर असले, तरी मोहोरबंद वस्तूत मोहोरेनंतरची तारीख सापडते, ही विसंगतीची पहिली ठळक नोंद होय.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात हा पुरावा आंतरराष्ट्रीय झाला. हल्लेखोरांना पाकिस्तानातून मिळणाऱ्या सूचना इंटरनेटवरून वळविलेल्या कॉलद्वारे येत होत्या. त्यांचा माग अमेरिकेतील कंपनीच्या नोंदींपर्यंत लागला आणि तेथील साक्षीदारांच्या साक्षी दृक्‌श्राव्य माध्यमातून मुंबईच्या विशेष न्यायालयात झाल्या. सापडलेले संच चीनमधील कारखान्यात तयार होऊन पाकिस्तानात पाठविले गेले होते, हे त्यांच्या क्रमांकांवरून सिद्ध करता आले. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी दिलेल्या निकालात ह्या पुराव्याचा तपशीलवार परामर्श घेतला आहे.

मनोऱ्याच्या नोंदीवरून व्यक्तीचे स्थान सांगण्याचा मोह मात्र ह्या काळात वाढला. एका मनोऱ्याची कक्षा शहरात काही शे मीटर, तर खेड्यात कित्येक किलोमीटर असू शकते. एका दिशेचा पट्टा साधारणतः १२० अंशांचा असतो. आणि संच नेहमी सर्वांत जवळच्याच मनोऱ्याशी जोडला जाईल असेही नाही. गर्दी, टेकडी, उंच इमारत, खाडीचे पाणी ह्यांमुळे दूरचा मनोरा संदेश पकडतो. नोंद केवळ एवढेच सांगते, की संच त्या कक्षेत असणे शक्य होते. डेन्मार्कमध्ये २०१९ साली असे आढळले, की कंपन्यांचा मूळ तपशील पोलिसांच्या उपयोगासाठी रूपांतरित करणाऱ्या आज्ञावलीतून काही नोंदी गळत होत्या आणि काही संच चुकीच्या मनोऱ्यांशी जोडले जात होते. तेथील शासनाने २०१२ पासूनच्या सु. १०,७०० प्रकरणांची फेरतपासणी हाती घेतली, अशा पुराव्याचा वापर दोन महिने थांबविला आणि ३२ कैद्यांना सोडून दिले. आज्ञावलीही चुकते, हे न्यायालयांना ह्याहून स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

संचातील माहिती काढण्याच्या पद्धती : आरंभी पोलिसांच्या हाती होती ती दुरुस्तीच्या दुकानातील साधने. इझ्राएलमध्ये १९९९ साली स्थापन झालेल्या सेलब्राइट ह्या कंपनीचे पहिले यंत्र दुकानदारास जुन्या संचातील नावे नव्या संचात उतरविण्यासाठी होते. २००७ पासून तिने त्याच तत्त्वावर तपास यंत्रणांसाठी यंत्रे तयार केली. स्वीडनमधील एका कंपनीचे एक्सआरवाय हे साधन त्याआधी २००३ मध्ये आले होते. ह्या यंत्रांची कार्यपद्धती दोन प्रकारची असते. एकीत संचालाच विचारून तो जे दाखवील ते घेतले जाते. पुसलेली माहिती ह्यात सहसा मिळत नाही. दुसरीत स्मृतिघटकाची बाइटवार प्रत काढतात. संच मोडला असेल वा यंत्रास दाद देत नसेल, तर मंडलावरील चाचणीच्या टोकांना तारा जोडून, किंवा अखेरचा उपाय म्हणून स्मृतिघटक तापवून व उखडून काढून तो स्वतंत्रपणे वाचतात. हा शेवटचा मार्ग एकदाच अवलंबता येतो. बचाव पक्षास फेरतपासणी हवी असल्यास मूळ संच तोवर नष्ट झालेला असतो.

संगणकाच्या तबकडीची प्रत काढताना तबकडीवर काहीही लिहिले जाणार नाही अशी अडसर-योजना मध्ये बसवितात, आणि मूळ व प्रत ह्यांचे हॅश मूल्य काढून ती सारखी असल्याचे दाखवितात. हॅश मूल्य म्हणजे सर्व माहितीवर गणिती प्रक्रिया करून मिळणारा ठराविक लांबीचा अंक. एक अक्षर बदलले तरी तो पूर्णपणे बदलतो, म्हणून त्यास लाखेच्या मोहोरेचा वारस म्हणता येईल. भ्रमणध्वनीच्या बाबतीत ही पद्धत तशीच लागू पडत नाही. संच चालू केल्याखेरीज पुष्कळदा प्रत निघत नाही, आणि चालू केला की तो लिहू लागतो. त्याच्या स्मृतिघटकाचे नियंत्रक मंडल सर्व खणांची झीज सारखी व्हावी म्हणून माहिती आपणहून एका जागेवरून दुसरीकडे हलविते आणि रिकामे खण पुसून टाकते. परिणामतः एकाच संचाच्या पाठोपाठ काढलेल्या दोन पूर्ण प्रतींची हॅश मूल्ये भिन्न येऊ शकतात, आणि त्यात कोणाचाही दोष नसतो. म्हणून भ्रमणध्वनीच्या संदर्भात हॅश मूल्य ‘प्रत मूळ संचासारखी आहे’ हे सिद्ध करीत नाही. ‘प्रत काढल्या क्षणापासून ती बदललेली नाही’ एवढेच सिद्ध करते. हा भेद न्यायालयात फारसा मांडला जात नाही, आणि तो मांडला न गेल्याने उलटतपासणीत निष्कारण गोंधळ होतो. ब्रिटनमधील पोलीस अधिकाऱ्यांच्या संघटनेने घालून दिलेल्या तत्त्वांत ह्या अडचणीची प्रामाणिक दखल आढळते : मूळ माहितीस हात न लावणे हा नियम होय, पण लावावाच लागला, तर लावणारी व्यक्ती सक्षम असावी व आपण काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे तिने साक्षीत सांगावे. अर्थात साधनांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. सेलब्राइटच्या आज्ञावलीतील दोष दाखवून, तपासल्या जाणाऱ्या संचात पेरलेली एखादी फाइल तपासणीचा अहवालच बदलू शकते, असे सिग्नल ह्या संदेशसेवेने एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केले.

संच हाती येताच त्याचा जाळ्याशी संबंध तोडणे आवश्यक असते, नाहीतर दुरून आज्ञा पाठवून तो पुसता येतो. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या ताब्यातील संच असे पुसले गेल्याचे २०१४ मध्ये उघडकीस आले. ह्यासाठी विद्युत्‌चुंबकीय लहरी अडविणारी, फॅराडेच्या नावाने ओळखली जाणारी पिशवी वापरतात. पण पिशवीत ठेवलेला संच जाळे शोधीत राहतो आणि त्याची विजेरी नेहमीपेक्षा लवकर संपते. घटनास्थळी पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराजवळ अशी पिशवी आणि विजेरी भरण्याची सोय असेल, ही अपेक्षा अद्याप सर्वत्र पुरी होत नाही.

सांकेतिकीकरणाचा अडथळा : २०१४ च्या सुमारास परिस्थिती पालटली. ॲपलने त्या वर्षीच्या आपल्या प्रणालीत बहुतेक माहितीची किल्ली मालकाच्या पासकोडशी निगडित केली. अँड्रॉइड प्रणालीतही पुढील दोन-तीन वर्षांत तसेच झाले. स्मृतिघटक उखडून काढला तरी हाती अर्थहीन अंकांची रास येऊ लागली आणि आधीच्या दशकातील कौशल्य बव्हंशी निरुपयोगी ठरले. तेव्हापासून तपासनिसाच्या दृष्टीने संचाच्या दोन अवस्था मानल्या जातात. चालू केल्यावर एकदाही न उघडलेला संच जवळजवळ अभेद्य असतो. एकदा उघडून नंतर कुलूप लागलेल्या संचात काही किल्ल्या स्मृतीत जाग्या असतात व माहिती निघण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणून जप्तीच्या वेळी संच बंद करावा, ही जुनी शिकवण उलटी झाली. २०२४ पासून आयफोन काही दिवस वापरला न गेल्यास स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो, म्हणजेच पहिल्या अवस्थेत जातो. प्रयोगशाळेत क्रमांक लागण्याची वाट पाहणाऱ्या संचाची माहिती त्या प्रतीक्षेतच दुर्गम होते.

ह्या अडथळ्याचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण अमेरिकेतील सॅन बर्नार्डिनो येथील होय. २ डिसेंबर २०१५ रोजी तेथे झालेल्या हल्ल्यात १४ जण मृत्युमुखी पडले. हल्लेखोराजवळचा आयफोन ५सी हा त्याच्या नोकरीच्या ठिकाणचा, म्हणजे तेथील काउंटी प्रशासनाच्या मालकीचा होता. दहा वेळा चुकीचा पासकोड दिल्यास त्यातील माहिती नष्ट होण्याची भीती होती. न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१६ रोजी १७८९ च्या एका अधिनियमाच्या आधारे, ही मर्यादा काढून टाकणारी आज्ञावली ॲपलने लिहून द्यावी असा आदेश दिला. एका संचासाठी केलेली किल्ली सर्वच संचांना लागेल, असे म्हणत ॲपलने विरोध केला. २८ मार्च रोजी शासनाने, संच अन्य मार्गाने उघडला असल्याचे सांगून, अर्ज मागे घेतला. त्यामुळे कायद्याचा मुख्य प्रश्न अनिर्णित राहिला. ह्या वादात एक लहान गोष्ट झाकली गेली. हल्ल्यानंतर लगेचच, तपास यंत्रणेच्या सांगण्यावरून, त्या संचाच्या दूरस्थ खात्याचा पासवर्ड बदलण्यात आला होता. तो बदलला नसता तर परिचित जाळ्यात ठेवल्यावर संचाने आपली प्रत आपोआप पाठविण्याची शक्यता होती.

माहिती हाती आल्यावरही अर्थनिर्णयात चुका संभवतात. बहुतेक प्रणाली वेळ ही १ जानेवारी १९७० पासून गेलेल्या सेकंदांत, आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार साठवितात. ॲपलच्या काही नोंदींत हीच मोजणी १ जानेवारी २००१ पासून असते. ३१ वर्षांची चूक कोणाच्याही लक्षात येते. साडेपाच तासांची येत नाही, आणि भारतीय प्रमाणवेळेत रूपांतर न करता छापलेला अहवाल रात्री साडेनऊचा संदेश दुपारी चारचा दाखवितो. आरोपी अन्यत्र होता, अशी बचावाची भूमिका असेल, तर सर्व खटला ह्या साडेपाच तासांवर फिरू शकतो. तसेच, एखादे छायाचित्र संचात सापडले म्हणजे ते मालकाने पाहिले असे होत नाही. संदेशसेवा गटातील चित्रे आपोआप उतरवून ठेवतात.

प्रमाणपत्राचा प्रश्न : माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला आणि त्याने पुरावा अधिनियमात ६५-ब हे कलम घातले. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची छापील वा अन्य प्रत पुरावा म्हणून देताना, संबंधित यंत्राची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचे प्रमाणपत्र जोडावे, अशी त्यात तरतूद होती. संसद हल्ल्याच्या खटल्यातील सीडीआरला असे प्रमाणपत्र नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २००५ रोजी, प्रमाणपत्र नसले तरी दुय्यम पुराव्याच्या सर्वसाधारण कलमांखाली ह्या नोंदी सिद्ध करता येतात, असे ठरविले. पुढील नऊ वर्षे देशभरची न्यायालये ह्या सवलतीवर चालली. १८ सप्टेंबर २०१४ रोजी अन्वर विरुद्ध बशीर ह्या केरळमधील निवडणूक-वादात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती मोडीत काढली आणि प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. चालू खटल्यांतील सरकारी वकिलांची त्यामुळे मोठी अडचण झाली, कारण जुन्या नोंदींचे प्रमाणपत्र देण्यास कंपनीकडे त्या नोंदीच उरल्या नव्हत्या. परवान्याच्या अटीप्रमाणे त्या एक वर्षच ठेवाव्या लागत. ही मुदत डिसेंबर २०२१ मध्ये दोन वर्षे झाली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच, प्रमाणपत्राच्या अभावाची हरकत खालच्या न्यायालयात घेतली नसेल तर अपिलात घेता येणार नाही, असे म्हटले. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, यंत्र ज्याच्या ताब्यात नाही अशा पक्षास प्रमाणपत्रातून सूट दिली.

हा गोंधळ मिटला तो महाराष्ट्रातील एका प्रकरणाने. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातील एक उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला, असा आरोप होता आणि त्याचा पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरण. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने चित्रीकरण विचारात घेऊन निवडणूक रद्द केली. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल ह्या अपिलात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्वर प्रकरणातील नियम कायम केला. तथापि प्रमाणपत्र खटला संपेपर्यंत कोणत्याही टप्प्यावर देता येते, ते नाकारले गेल्यास न्यायालयाकडून आदेश मागता येतो, आणि सर्व उपाय थकल्यावरही ते मिळाले नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करीत नाही, असेही स्पष्ट केले. तपासात मागविलेले सीडीआर वेगळे काढून सुरक्षित ठेवावेत, असा निर्देशही कंपन्यांना देण्यात आला. मूळ यंत्रच न्यायालयात आणले आणि त्याच्या मालकाने साक्षीत ते आपले असल्याचे सांगितले, तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही ह्या निकालात आहे. परंतु फौजदारी खटल्यात संचाचा मालक बहुधा आरोपीच असतो, आणि त्यास सरकार पक्षाचा साक्षीदार करता येत नाही. म्हणून व्यवहारात प्रयोगशाळेचा अहवाल आणि त्याचे प्रमाणपत्र हाच मार्ग उरतो.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने प्रमाणपत्राचा नमुनाच ठरवून दिला. त्याचा एक भाग यंत्राचा ताबा असलेल्या व्यक्तीने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असून दोन्हींत हॅश मूल्य लिहावयाचे असते. नमुन्यात एमडी५ आणि एसएचए-१ ह्या पद्धतींचा पर्याय आहे. भिन्न मजकुरांचे मूल्य एकच येईल अशी जोडी पहिलीत २००४ साली व दुसरीत २०१७ साली तयार करून दाखविण्यात आली. ह्यामुळे आधीच घेतलेली प्रत बनावट ठरत नाही, तरीही नव्या अधिनियमाने जुन्या कुलपांना मान्यता द्यावयास नको होती.

पासवर्ड आणि मौनाचा हक्क : संविधानाच्या अनुच्छेद २० (३) प्रमाणे कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. एम. पी. शर्मा प्रकरणात १९५४ साली आठ न्यायमूर्तींनी झडती व जप्ती ही अशी सक्ती नव्हे, असे ठरविले. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड ह्या १९६१ च्या प्रकरणात अकरा न्यायमूर्तींनी बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे म्हटले, कारण त्यांतून आरोपीच्या मनातील ज्ञान व्यक्त होत नाही. सेल्वी प्रकरणात २०१० साली गुंगीच्या औषधाखालील चाचण्या सक्तीने करण्यास मनाई झाली, ती ह्याच भेदावर. पासवर्ड ह्या रेषेच्या कोणत्या बाजूस पडतो? कर्नाटक उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये वीरेंद्र खन्ना प्रकरणात तो केवळ कुलपाची किल्ली मानला व न्यायालयाच्या आदेशाने तो मागता येईल असे ठरविले. झडतीसाठी वॉरंट मात्र आवश्यक मानले. दिल्लीतील विशेष न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये नेमके उलट मत दिले. पासवर्ड आरोपीच्या स्मरणात असतो व तो सांगणे ही मानसिक क्रिया आहे, हे पाहता दुसरे मत सेल्वी प्रकरणाशी अधिक सुसंगत वाटते. परंतु ह्यातून एक विचित्र परिणाम निघतो. १९६१ चा निर्णय तसाच लावला तर अंगठ्याने उघडणारा संच सक्तीने उघडविता येईल आणि अंकांनी उघडणारा येणार नाही, म्हणजे मूलभूत हक्काचे रक्षण मालकाने निवडलेल्या कुलपावर अवलंबून राहील. इंग्लंडने हा प्रश्न कायद्यानेच सोडविला आहे. तेथील २००० च्या अधिनियमाप्रमाणे नोटीस देऊनही किल्ली न देणे हा दोन वर्षांपर्यंत, आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या वा बालकांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात पाच वर्षांपर्यंत, कैदेस पात्र गुन्हा आहे.

खाजगीपणा : अटक केलेल्याच्या खिशातील वस्तू पोलिसांनी पाहाव्यात, हा सर्वत्र जुना प्रघात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ जून २०१४ रोजी रायली विरुद्ध कॅलिफोर्निया ह्या प्रकरणात एकमताने तो भ्रमणध्वनीस लागू करण्यास नकार दिला व वॉरंट आवश्यक ठरविले. २०१८ च्या कार्पेंटर प्रकरणात, १२७ दिवसांत गोळा झालेल्या १२,८९८ स्थान-नोंदींचा विचार करून, कंपनीकडील जुन्या नोंदींसाठीही त्याच न्यायालयाने सर्वसाधारणतः वॉरंट अनिवार्य केले. भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले आणि एम. पी. शर्मा निकालातील विरुद्ध विधान रद्द ठरविले. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी विनीतकुमार प्रकरणात दूरध्वनी ऐकण्याचे बेकायदेशीर आदेश रद्द करून त्यांतून मिळालेली ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. मलकाणी निकालापासून हे अंतर सत्तेचाळीस वर्षांचे आहे. दोन्ही निकाल मुंबईतील लाचलुचपतीच्या आरोपांतून उद्भवले, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. मात्र जप्त संचाच्या झडतीची व्याप्ती ठरविणारा स्वतंत्र कायदा भारतात झालेला नाही. पत्रकार व अध्यापक ह्यांच्या याचिकांवर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वांची गरज व्यक्त केली, तेव्हा तूर्त केंद्रीय अन्वेषण विभागाच्या २०२० च्या नियमपुस्तिकेचे पालन करण्याचे आश्वासन केंद्र शासनाने दिले.

आरोपीइतकाच, किंबहुना अधिक, उपेक्षित राहतो तो फिर्यादी. लंडनमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये बलात्काराचा एक खटला कोसळला, कारण फिर्यादी स्त्रीच्या संचातील सु. ४०,००० संदेश बचाव पक्षास वेळेवर दिले गेले नव्हते व त्यांत आरोपीस अनुकूल मजकूर होता. त्यानंतर पीडितांकडून सरसकट पूर्ण संच मागण्याची प्रथा पडली आणि अनेकींनी तक्रारीच मागे घेतल्या. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०२० मध्ये ह्या प्रथेवर टीका केली आणि २०२२ च्या अधिनियमाने, स्वेच्छेने दिलेल्या संचातून किती माहिती काढावी, ह्यावर मर्यादा घातल्या.

ताबा आणि परतावा : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावे लागते, सात वा अधिक वर्षांच्या शिक्षेस पात्र गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित आहे आणि दोषारोपपत्रात इलेक्ट्रॉनिक उपकरण कोणाकोणाच्या ताब्यातून गेले, त्याचा क्रम द्यावा लागतो. शेवटची तरतूद कागदावर छोटी दिसते, पण ठाणे, प्रयोगशाळा आणि मालखाना ह्यांच्या वेगवेगळ्या नोंदवह्या जुळविण्याचे काम तिने तपास अंमलदारावर टाकले आहे. मालखान्यात वर्षानुवर्षे पडलेल्या संचाची विजेरी फुगते. विजेविना राहिलेल्या स्मृतिघटकातील विद्युत्‌भारही हळूहळू गळतो. अपिलापर्यंत मूळ संच उघडेल, ह्याची खात्री नसते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात, जप्त वस्तू छायाचित्रे व पंचनामा करून शक्य तितक्या लवकर मालकास परत द्यावी, असे सांगितले होते, आणि नव्या संहितेच्या ४९७ व्या कलमाने त्यासाठी मुदती घातल्या आहेत. त्याप्रमाणे संच मालकाकडे परत जातो. त्यातून काढलेली संपूर्ण प्रत मात्र प्रयोगशाळेत व पोलिसांकडे राहते. आरोपी निर्दोष सुटल्यास ती केव्हा आणि कोणी नष्ट करावी, ह्याविषयी संहितेत स्वतंत्र तरतूद नाही.